नंबर तोच, भाग नवा

जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचा विषय निघाला की सगळ्यांना ५७ सेंट आठवतात. १ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सुनावणी झाली. दोष काढायला एका स्विचमागे एवढाच खर्च होता, असे तिथे सांगितले गेले. आकडा बातम्यांत गेला आणि तोच लोकांच्या तोंडी राहिला. संताप रास्त होता. पण चिक्कूपणा करणारी कंपनी कुणालाही समजते. समजायला जड आहे ती पुढची गोष्ट. कंपनीने तो स्विच २००६ मध्येच सुधारला होता. फक्त सुधारलेल्या स्विचचा पार्ट नंबर जुनाच राहिला.

२०१४ मध्ये या सदोष स्विचच्या गाड्या परत बोलावल्यानंतर कंपनीने काय काय केले, याच्या याद्या भरपूर झाल्या. माफी मागितली, चौकशी केली, भरपाई दिली, माणसे काढली. या याद्यांमध्ये पार्ट नंबरची बाब एखाद्या ओळीत उरकली जाते. ती ओळीत उरकण्यासारखी नाही. कंपनीला काय ठाऊक होते आणि तिने ते कुणाला कळू दिले, याचे उत्तर त्याच नंबरात आहे.

दोष अगदी साधा होता. स्विचच्या आत एक बारीक दट्ट्या आणि त्याला रेटणारी स्प्रिंग असते. किल्ली ‘रन’वरून ‘अ‍ॅक्सेसरी’वर आपोआप घसरू नये, एवढेच या जोडीचे काम. किल्ली फिरवायला किमान १५ न्यूटन-सेंटिमीटर जोर लागावा, असे कंपनीचेच माप होते. चाचण्यांत स्विच या मापाला उतरला नाही. तरी २००२ मध्ये तो मंजूर झाला. पुढे तो शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्यांच्या भावंडांत बसला. चालकाचा गुडघा लागला, जुडगा जड असला, रस्त्यात धक्का बसला, की किल्ली मागे येई. इंजिन बंद पडे. स्टीअरिंगची आणि ब्रेकची मदत जाई. आणि धडक बसलीच तर एअरबॅग उघडत नसे, कारण गाडीच्या लेखी गाडी चालूच नव्हती.

तक्रारी आल्या, त्या पहिल्या वर्षापासून. कंपनीने चालत्या गाडीचे इंजिन बंद पडण्याला ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न ठरवले. सुरक्षेच्या खान्यात तो बसवलाच नाही. २००५ मध्ये उपाय सुचवले गेले. ते महाग आहेत आणि व्यवहारात बसत नाहीत, असा शेरा मारून फाइल मिटली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विक्रेत्यांना एक पत्रक गेले. गिऱ्हाइकाला जुडग्यातले जड सामान काढायला सांगा, किल्लीची लांबट खाच बुजवून गोल भोक ठेवणारी एक छोटी चकती बसवून द्या. ही चकती ४७४ ग्राहकांपर्यंत पोहोचली. गाड्या लाखांनी विकल्या जात होत्या.

मग एप्रिल २००६ उजाडला. स्विचचे काम पाहणारे अभियंता रेमंड डीजॉर्जिओ यांनी बदलाला मंजुरी दिली. स्प्रिंग आणि दट्ट्या बदलले. नवा दट्ट्या दीड मिलिमीटरहून थोडा अधिक लांब होता. तेवढ्याने किल्ली जागेवर घट्ट बसू लागली. पुढच्या गाड्यांत सुधारलेला स्विच जाऊ लागला. विकून झालेल्या गाड्यांचे मालक जुनाच स्विच घेऊन फिरत राहिले. त्यांना कुणी कळवले नाही. कळवायचे तर आधी मान्य करावे लागले असते की कळवण्यासारखे काही आहे.

वाहन उद्योगाचा दंडक शाळकरी मुलालाही कळेल असा आहे. भागाचा आकार, त्याची बसण किंवा त्याचे काम बदलले की नंबर बदलायचा. नंबर बदलला की मागचा प्रवास आपोआप नोंदला जातो. कधी बदलला, का बदलला, कुणी मंजूर केला, कोणत्या गाडीपासून लागू झाला, सगळे. गोदामातला जुना माल वेगळा काढता येतो. नंबर न बदलता भाग बदलणे म्हणजे जमीन विकून फेरफाराची नोंदच न करणे. ताबा बदलला, सातबारा जुनाच. पुढे ज्याला ज्याला तो उतारा दाखवला जाईल, तो तो फसेल.

इथे सर्वात आधी फसली ती कंपनी स्वतः. २००७ पासून तिचे अभियंते एका कोड्याशी झुंजत होते. कोबाल्टच्या धडकेत एअरबॅग का उघडत नाही? आकडे पाहता एक गोष्ट पुढे आली. २००७ पर्यंतच्या मॉडेलमध्ये प्रकार दिसतो, २००८ पासून दिसत नाही. मध्ये काय बदलले, हे शोधले गेले. स्विचचा नंबर पाहिला. तोच होता. म्हणजे स्विच बदललेला नाही, म्हणजे कारण दुसरे काही असणार. शोध भलत्या वाटेला लागला आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिला. ज्या कंपनीत उत्तर ठाऊक असलेला माणूस बसत होता, त्याच कंपनीतले लोक उत्तर शोधत होते.

बाहेरच्यांना इतका वेळ लागला नाही. विस्कॉन्सिनच्या राज्य पोलिसांतील एका अधिकाऱ्याने २००७ मध्येच एका अपघाताचा अहवाल लिहिला. किल्ली ‘अ‍ॅक्सेसरी’वर होती आणि एअरबॅग उघडल्या नव्हत्या, या दोन गोष्टींचा संबंध त्याने जोडला. कंपनीच्याच त्या जुन्या पत्रकाचा दाखलाही दिला. अहवालाची प्रत कंपनीच्या दप्तरी आली आणि पडून राहिली.

उलगडा झाला तो एका दिवाणी दाव्यात. जॉर्जिया राज्यात २०१० मध्ये कोबाल्टच्या अपघातात एक तरुणी गेली. गाडी मध्येच बंद पडते, ही तक्रार घेऊन ती काही दिवसांपूर्वीच विक्रेत्याकडे जाऊन आली होती. तिच्या आईवडिलांच्या वकिलाने फ्लोरिडातील अभियंता मार्क हूड यांना कामाला लावले. हूड यांनी अपघातातल्या गाडीचा स्विच घेतला. मग विक्रेत्याकडे जाऊन त्याच नंबरचा नवा स्विच सुमारे ३० डॉलरला विकत आणला. दोन्ही शेजारी ठेवले, उघडले, मोजले. आतली स्प्रिंग वेगळी, दट्ट्या वेगळा. वरचा नंबर एक. जगातल्या बड्या वाहन कंपनीच्या अभियंत्यांना जे वर्षानुवर्षे सापडले नाही, ते दुकानातून एक सुटा भाग विकत आणून सापडले.

एप्रिल २०१३ मध्ये हा पुरावा डीजॉर्जिओ यांच्यापुढे शपथेवरच्या साक्षीत ठेवला गेला. असा बदल झाल्याचे आपल्याला माहीत नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या मंजुरीचा कागद पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये जनरल मोटर्सच्या हाती आला. तो आला डेल्फाय या पुरवठादाराकडून. गाडी बनवणाऱ्याने आपल्या गाडीत काय बदलले, हे त्याला भाग पुरवणाऱ्याने सांगितले. गाड्या परत बोलावण्याची घोषणा त्यानंतर फेब्रुवारी २०१४ मध्ये झाली. म्हणजे साक्षीपासून दहा महिन्यांनी. सुरक्षेला बाधक दोष लक्षात आल्यावर नियामकाला कळवायला अमेरिकी कायदा कामाचे पाच दिवस देतो.

घोषणा झाली म्हणून नंबराने पिच्छा सोडला नाही. सुरुवातीला फक्त जुन्या मॉडेलच्या गाड्या बोलावल्या होत्या. मार्चअखेर कंपनीला २००८ ते २०११ च्या गाड्याही बोलवाव्या लागल्या. या गाड्या कारखान्यातून सुधारलेला स्विच घेऊन निघाल्या होत्या. त्यांना का बोलावले? कारण जुने, सदोष स्विच सुट्या भागांच्या दुकानांत आणि विक्रेत्यांकडे गेले होते. सुमारे ९५ हजार. त्यातले बहुतेक जुन्याच गाड्यांच्या दुरुस्तीत खपले. पण काही नव्या गाड्यांत बसले असण्याची शक्यता होती. कोणत्या गाड्यांत, हे सांगता येईना. डब्यावरचा नंबर एकच होता. मेकॅनिकने चांगला भाग काढून वाईट भाग बसवला तरी जॉब कार्डावर तेच आकडे उमटणार. काही हजार स्विच शोधण्यासाठी एकट्या अमेरिकेतून ८ लाख २४ हजार गाड्या बोलावल्या गेल्या. एकूण संख्या २६ लाखांवर गेली.

दुरुस्तीचे भाग तयार होईपर्यंत मालकांनी काय करावे? किल्लीला दुसरे काही अडकवू नका, असा सल्ला मिळाला. म्हणजे २००५ च्या पत्रकातलाच. फरक एवढाच की या वेळी तो सर्वांना मिळाला. किल्लीला काही न अडकवता आपल्या मुलांनाही ही गाडी चालवू देईन, असे मुख्य कार्यकारी अधिकारी मेरी बारा यांनी सुनावणीत सांगितले. भाग बदलूनही नंबर तोच ठेवणे कंपनीला मान्य नाही, हेही त्यांनी सांगितले. मान्य नसलेली गोष्ट आठ वर्षे कुणाच्या नजरेस कशी आली नाही, हा त्यापुढचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर कंपनीने एका अहवालातून दिले. माजी सरकारी वकील अँटन वालुकास यांनी तीनशेहून अधिक पानांचा अहवाल लिहिला. जून २०१४ मध्ये तो बाहेर आला. अकार्यक्षमता होती, हयगय होती, कट नव्हता, असा त्याचा सूर. पंधरा जणांना घरी पाठवले गेले. डीजॉर्जिओ त्यांत होते. नंबर न बदलणे ही एका अभियंत्याची चूक ठरली.

चूक मानू. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. सुरक्षेविषयीच्या महत्त्वाच्या बैठकांत अनेक कर्मचारी टिपणेच काढत नसत. कंपनीच्या वकिलांना ती नको आहेत, असा त्यांचा समज होता. असा आदेश खरोखर होता की नव्हता, हे बाजूला ठेवू. कर्मचाऱ्यांना तो असावा असे वाटत होते, एवढे पुरे. ज्या घरात बैठकीचे टिपण नकोसे होते, तिथे बदललेल्या भागाला नवा नंबर न मिळणे हा एका माणसाचा विसराळूपणा कसा म्हणायचा? त्या घराची रीतच तशी होती. कागदोपत्री कट सापडला नाही, हे कंपनीच्या बाजूचे प्रमाणपत्र म्हणून फिरवले गेले. कागद ठेवायचाच नाही अशी जिथे सवय, तिथे कागदावर काय सापडणार?

नंबराच्या बाबतीत इतकी ढिली असलेली कंपनी एका ठिकाणी मात्र कमालीची काटेकोर निघाली. २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली. चांगली मालमत्ता नव्या कंपनीकडे गेली, देणी जुन्या कंपनीकडे राहिली. नाव तेच, कारखाने तेच, बोधचिन्ह तेच. पण एप्रिल २०१४ मध्ये, गाड्या परत बोलावण्याचे काम चालू असतानाच, कंपनीने दिवाळखोरी न्यायालयाचे दार ठोठावले. जुन्या गाड्यांची किंमत घसरल्याचे दावे आमच्यावर लागू नाहीत, कारण आम्ही ती कंपनीच नव्हे, असे तिचे म्हणणे. भाग नवा झाला तेव्हा नंबर जुना चालला. जबाबदारीची वेळ आली तेव्हा कंपनी नवी झाली. अपील न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये हा बचाव बव्हंशी मोडीत काढला. दोष ठाऊक असून ज्यांना कळवलाच नाही, त्यांचा दाव्याचा हक्क असा काढून घेता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

पैसे कंपनीने मोजले, हे नमूद केले पाहिजे. दिवाळखोरीची ढाल बाजूला ठेवून तिने भरपाईचा निधी काढला. त्याचे काम केनेथ फाइनबर्ग यांच्याकडे दिले. सुरुवातीला कंपनी १३ मृत्यू मान्य करत होती. फाइनबर्ग यांनी १२४ मृत्यूंचे दावे मंजूर केले. नियामकाला वेळेत न कळवल्याबद्दल साडेतीन कोटी डॉलरचा दंड झाला. कायद्यात तेव्हा त्याहून मोठा दंडच नव्हता. सप्टेंबर २०१५ मध्ये फौजदारी प्रकरण ९० कोटी डॉलर भरून मिटले. व्यक्ती म्हणून कुणावरही खटला चालला नाही.

कंपन्यांचा यावर एक युक्तिवाद असतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. गाडीत हजारो भाग असतात. त्यांत सतत सुधारणा होत असतात. प्रत्येक सुधारणा म्हणजे आधीच्या भागातल्या दोषाची कबुली धरली, तर कुणी काही सुधारणारच नाही. खरे आहे. सीटचे कापड बदलले, दाराची मूठ गुळगुळीत केली, त्याची दवंडी पिटायची गरज नाही. पण तक्रारी आल्या, गाडी चालताना बंद पडते हे ठाऊक झाले, त्यावर भाग बदलला, आणि नव्या भागाने तो प्रकार थांबला, तर ती निव्वळ सुधारणा राहत नाही. कारखान्याने आपल्यापुरता दिलेला तो निकाल असतो. तो निकाल पुढच्या गिऱ्हाइकाला लागू आणि मागच्या गिऱ्हाइकापासून लपवलेला, हे चालणार नाही. मागच्या गिऱ्हाइकाने पैसे आधी दिले होते, एवढाच त्याचा गुन्हा.

आपल्याकडे पाहायचे तर वाहन कंपन्यांची रिकॉलची पत्रके वाचावीत. त्यांत गाड्यांची संख्या असते, भागाचे नाव असते, बदली मोफत होईल हे असते. आणि ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बनलेल्या गाड्या’ असे एक वाक्य असते. वाचक पहिली तारीख पाहतो, आपली गाडी त्यात येते का ते तपासतो आणि पुढे जातो. खरी बातमी दुसऱ्या तारखेत असते. त्या तारखेनंतर बनलेल्या गाड्या निर्धोक कशा झाल्या? बहुतेक वेळा त्या दिवशी कारखान्यात काहीतरी बदललेले असते.

मारुती सुझुकीची दोन पत्रके शेजारी ठेवून पाहावीत. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या. त्या ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या. घोषणा १८ जानेवारीची. मधले अंतर सहा दिवस. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये याच कंपनीने मोटर जनरेटर युनिटसाठी १ लाख ८१ हजार ७५४ गाड्या बोलावल्या होत्या. त्या ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळातल्या. घोषणा ३ सप्टेंबर २०२१ ची. मधले अंतर दहा महिने. पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी नेऊ नका, असे मालकांना सांगितले गेले, तोवर २०२१ चा पावसाळा बराचसा सरला होता.

याचा अर्थ कंपनी दहा महिने गप्प बसली, असा काढता येणार नाही. भाग दुसऱ्याच कारणाने बदलला असेल. पुरवठादार बदलला असेल. दोष नंतर उमगला असेल. कारणे अनेक असू शकतात. तक्रार एवढीच की पत्रकात त्यातले एकही नसते. सहा दिवस लागलेली कंपनी आणि दहा महिने लागलेली कंपनी सारख्याच गुळगुळीत भाषेत ‘खबरदारीचा उपाय’ म्हणून गाड्या बोलावते. तत्पर कोण आणि दिरंगाई कुणाची, हे गिऱ्हाइकाला कळायचा मार्ग नाही. प्रामाणिक कंपनीचेही यात नुकसानच आहे.

अमेरिकेत निदान घटनाक्रम द्यावा लागतो. नियामकाला दोष कळवताना कंपनीला काय केव्हा समजले, याची तारीखवार हकीकत जोडायची असते आणि ती जनतेला वाचता येते. जनरल मोटर्सने फेब्रुवारी २०१४ मध्ये अशीच हकीकत दाखल केली, म्हणून २००६ च्या त्या बदलाची चर्चा अमेरिकी काँग्रेसपर्यंत पोहोचली. त्या व्यवस्थेतही आठ वर्षे निघून गेली, हे विसरायचे नाही. पण उशिरा का होईना, हिशेब मांडावा लागला.

आपला कायदा तक्रारी मोजतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले. विकलेल्या गाड्यांच्या ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या की सरकार गाड्या परत बोलवायला लावू शकते. तक्रार करायची गिऱ्हाइकाने, तीही त्याला दोष कळला तर. चालती गाडी बंद पडल्यावर तो कुठे जातो? गॅरेजमध्ये. तिथे कुणी ‘इंजेक्टर साफ केले’ म्हणून बिल देते, कुणी न सांगता नवा भाग बसवून देते. गाडी चालू लागते आणि तक्रार तिथेच संपते. भाग गुपचूप बदलत राहिले तर तक्रारींचा आकडा कधीच भरणार नाही. याच कलमात दुसरीही तरतूद आहे. उत्पादकाला स्वतःहून दोष दिसला तर त्याने केंद्र सरकारला कळवायचे आणि गाड्या बोलवायच्या. तसे केले तर त्याला दंड नाही. म्हणजे खरे बोलणाऱ्याला कायद्याने आधीच माफी दिली आहे. त्यानंतरही गप्प बसणाऱ्याची बाजू घ्यायला काही उरत नाही.

म्हणून मागणी छोटी आहे. गाड्या परत बोलावण्याच्या प्रत्येक सूचनेत तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. सदोष भागाचा जुना नंबर. त्याच्या जागी आलेल्या भागाचा नवा नंबर. आणि कारखान्यात नवा भाग पहिल्यांदा बसला ती तारीख. याला समिती नको, नवी प्रयोगशाळा नको. ही माहिती प्रत्येक कंपनीकडे असते. ज्या कंपनीकडे ती नसेल, तिच्या गाड्या रस्त्यावर येण्याआधीच हा प्रश्न विचारायला हवा होता.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर गिऱ्हाइकाने स्वतःपुरते करावे. भाग बदलून मिळाला की जॉब कार्डावर त्याचा नंबर लिहून घ्यावा. जुन्या भागाचा नंबरही विचारावा. दोन्ही एकच निघाले तर गाडी तिथून हलवण्याआधी विचारावे की नक्की बदलले काय. सेवा केंद्रातल्या माणसाला हे उत्तर देता येत नसेल तर ते कंपनीकडून लेखी मागावे. आणि रिकॉलच्या पत्रकातली दुसरी तारीख वाचून घोषणेच्या तारखेशी ताडून पाहावी. अंतर दिवसांचे असेल तर कंपनीचे आभार मानावेत. महिन्यांचे असेल तर कारण विचारावे. वर्षांचे असेल तर पुढची गाडी दुसऱ्याकडून घ्यावी.